मशीन काय म्हणतंय?

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय छत्तीस, जवळच्याच मराठी शाळेत शिक्षिका. नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला. घरात सासरे, वय सत्तर, ज्यांनी उभी हयात वडगावात पॉवरलूमवर काढली, आणि सासूबाई, ज्यांना बारा वर्षं शुगर आहे. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांना चक्कर आली, बीपी निघालं. तेव्हापासून पुण्याचे धाकटे दीर एकेक मशीन पाठवत आहेत: बीपीचं, शुगरचं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, नेब्युलायझर. रोज दोन वेळा दोघांचं मोजायचं आणि आकडे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, हे काम ताईंचं. आकडा चढला की लगेच फोन येतो, “वहिनी, मीठ जास्त पडलं काय?” सासरे तर स्वतःच दिवसातून आठ-दहा वेळा पट्टा बांधून बसतात. पण घरी वरचं बीपी १६० येतं आणि दवाखान्यात १४०. सासूबाईंची शुगर लॅबमध्ये १८६ आली, त्याच वेळी घरच्या मशीनवर २०५. दीर म्हणतात, मशीन हलकं आहे, महागातलं पाठवतो, शिवाय ऑक्सिजनचं मशीनही घेऊन ठेवूया, “असूदे घरात.” भरीला गेल्या महिन्यात गावात मोफत शिबिर झालं. हातात धातूची कांडी धरायला देऊन संगणकावरून तीस पानांचा रिपोर्ट काढून दिला आणि चुंबकाची गादी विकायला काढली, किंमत पंच्याऐंशी हजार. सासऱ्यांनी पाच हजार आगाऊ देऊन टाकले. ताई विचारतात, “विश्वास मशीनवर ठेवायचा की डॉक्टरांवर? महागडं मशीन घेऊ, की सगळी कपाटात घालून कुलूप लावू?” शेवटी एक ओळ आहे: “सासऱ्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे डॉक्टर बोललेलं सगळं मलाच कानाशी ओरडून सांगावं लागतं.”

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मशीनचं नंतर बोलते. आधी हे सांगते की सासऱ्यांच्या दंडावर आलेला १६० हा आकडा तुमच्या स्वयंपाकाचा किंवा सेवेचा निकाल नाही. शाळा, घर आणि दोन म्हातारी माणसं सांभाळून वर रोज संध्याकाळी परीक्षेला बसल्यासारखं तुम्हाला वाटत असेल, तर त्यात तुमचं काही चुकत नाही. घरात मोजायचं कसं ते ठरलं, पण मोजल्यावर काय करायचं हे कुणीच ठरवलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला आहे.

बेळगावातल्या वॉर्डांमध्ये मी एकतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. वैद्यकीय उपकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं, आवाज करणारं, दिवे लुकलुकणारं यंत्र येतं. पण जखमेवरची पट्टी, इंजेक्शनची सुई, थर्मामीटर, व्हीलचेअर, गुडघ्यात बसवलेली वाटी, हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट, एक्स-रेचं मशीन ही सगळी त्याच कुळातली. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या बाजारातले या वस्तूंचे प्रकार वीस लाखांच्या घरात मोजले आहेत. औषध रक्तात मिसळून शरीराच्या रसायनात काम करतं. उपकरण दाबाने, उजेडाने, विजेने, आधाराने काम करतं. फरक एवढाच. उपकरणांमध्येही काही फक्त दाखवतात, काही आधार देतात आणि काही बिघडलेल्या अवयवाचं काम स्वतःकडे घेतात.

आता तुमच्या घरातली चार बघा. बीपीचं, शुगरचं आणि बोटाचं अशी तीन फक्त दाखवणारी आहेत. चौथं नेब्युलायझर पातळ औषधाचे बारीक तुषार करून छातीत पोचवतं. लोक त्याला वाफेचं मशीन म्हणतात, पण त्यात वाफ नसते, आणि डॉक्टरांनी औषध लिहून दिल्याशिवाय त्याला काही काम नाही. नुसतं पाणी घालून ते कुणाला लावू नका. म्हणजे चारांतलं एकही मशीन बीपी उतरवत नाही. थर्मामीटर झटकून ताप उतरत नाही, तसंच आहे हे. दहा वेळा पट्टा बांधून सासऱ्यांना जे हवं आहे, ते पट्ट्यात नाही.

तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोन आकडे वेगळे आले म्हणजे त्यातला एक खोटा. ताई, बीपी म्हणजे आधार कार्डाचा नंबर नव्हे. जिना चढलात, कुणाशी बोललात, लघवी तुंबवून बसलात, फोन वाजला, तरी ते हलतं. इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून पाऱ्याने दाब मोजायची रीत काढली, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हनी त्याला स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जोड दिली. आम्ही नर्सा वर्षानुवर्षं तेच करत आलो: फुगा दाबायचा, हवा हळू सोडायची, कोपराच्या खोबणीत पहिला टक्‌ टक्‌ ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा.

घरचं मशीन असा आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सोडताना नाडीच्या ठोक्याबरोबर त्या हवेला जी बारीक थरथर होते ती ते मोजतं, आणि त्यावरून हिशेब करून दोन्ही आकडे दाखवतं. म्हणून मोजताना हात हलला, माणूस बोललं, तर मशीन त्या हलण्यालाही थरथरच समजतं. नाडी अनियमित असेल तर त्याचा हिशेब आणखी चुकतो. मशीनवर वारंवार अनियमित ठोक्याची खूण येत असेल, तर ती बॅटरीवर ढकलून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

नोकरीच्या पहिल्या वर्षीची माझी स्वतःची चूक सांगते. थंडीचे दिवस होते. एका मावशींच्या स्वेटरची आणि झंपराची बाही मी वर सरकवली, ती दंडाला करकचून बसली, आणि तिच्या खाली पट्टा बांधला. तीन दिवस आकडा चढाच येत होता, डॉक्टर गोळी वाढवायच्या बेतात होते. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या, काही न बोलता त्यांनी मावशींची बाही पूर्ण काढायला लावली, हाताखाली उशी दिली आणि पाच मिनिटं गप्प बसवून मोजलं. आकडा वीसने उतरला. मावशींना जास्तीची गोळी द्यावी लागली असती, आणि ती माझ्यामुळे. ते मी अजून विसरलेले नाही.

तर उद्या सकाळी असं करून बघा. सासऱ्यांनी गोळी घ्यायच्या आधी, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर त्यांना पाठीला टेकण असलेल्या खुर्चीत बसवा. कॉटच्या कडेला पाय लोंबकळत सोडून नको. पावलं जमिनीवर टेकलेली हवीत, पायावर पाय नको. मागच्या अर्ध्या तासात तंबाखू मळलेली नसावी, सासूबाईंनी मिश्री लावलेली नसावी. आपल्याकडे ही अट मुद्दाम सांगावी लागते, कारण तंबाखूने तेवढ्यापुरतं बीपी चढतंच. उघड्या दंडावर पट्टा, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात खाली लोंबत राहिला की आकडा वाढून येतो. पाच मिनिटं शांत. टीव्ही बंद, ग्रुप बंद, तुम्हीही काही विचारू नका. मग एकदा मोजा, एक मिनिट थांबून पुन्हा मोजा, आणि दोन्ही लिहा. तुमच्याकडच्या १६० मधले किती तरी इथेच गळून पडतील असं मला वाटतं.

आणि पट्ट्याचं माप बघा. त्यावर सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं, बहुतेक वेळा २२ ते ३२. टेप घेऊन सासूबाईंच्या दंडाचा घेर मोजा. दंड जाड आणि पट्टा तोकडा असेल तर मशीन कितीही महाग असो, बीपी जास्तच दाखवणार. एका घरात एकच पट्टा सगळ्यांच्या दंडाला, ही फार घरांतली चूक आहे. मोठा पट्टा बहुधा वेगळा विकत मिळतो आणि तो नव्या मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

हे सगळं करूनही शंका राहिली, तर पुढच्या खेपेला मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्या. त्याच हातावर, एकदा त्यांच्या उपकरणाने आणि एकदा तुमच्या मशीनने, आलटून पालटून मोजायला सांगा. फरक पाचपर्यंत असेल तर मशीन उत्तम आहे. दहाच्या वर सतत राहत असेल तर बदला. वर्षातून एकदा हे करत जा. बदलायचंच झालं तर दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं किंवा घड्याळातलं नको.

घरच्या आणि दवाखान्याच्या मोजणीची मोजपट्टीही वेगळी असते. दवाखान्यात १४०/९० ही जास्त बीपीची रेघ धरतात, घरी नीट मोजलेल्या सरासरीला १३५/८५. डॉक्टरांना बघून पुष्कळांचं चढतं, म्हणून घरची रेघ थोडी खाली. म्हणजे घरचे आकडे बिनकामाचे आहेत असं नाही. पाच मिनिटांच्या भेटीतल्या एका आकड्यापेक्षा आठवडाभर घरी नीट लिहिलेले आकडे डॉक्टरांना जास्त सांगून जातात. डॉक्टर की मशीन असा सामना लावूच नका.

आता सासूबाईंची शुगर. लॅबमध्ये १८६, घरी २०५. ताई, हे मशीन बिघडलेलं नाही. घरच्या ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. १८६ चे पंधरा टक्के म्हणजे जवळजवळ २८. तुमचा फरक १९ चा. मशीनने आपल्या मर्यादेत राहून काम केलं आहे. लॅब शिरेतल्या रक्ताचा वरचा पातळ भाग तपासते, तुम्ही बोटाच्या टोकाचा थेंब तपासता. शिवाय या मशीनचं काम तुम्हाला दिशा दाखवायचं आहे: शुगर फार खाली गेली का, जेवणानंतर किती चढते, गोळी बदलल्यावर काय झालं. तीन महिन्यांचा हिशेब लॅबच्या एचबीएवनसी या रक्ततपासणीत बघायचा.

पण बोटाची काळजी घ्या. एका उन्हाळ्यात शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या होत्या, मशीनवर ३१२. मी विचारलं, आत्ता काय करत होतात? तर रसासाठी आंबे पिळत होत्या. हात धुवायला लावले, साबणाने, आणि कोरडे पुसून दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला: १६८. आंब्याचा रसच मशीनने मोजला होता. बोट टोचायच्या आधी हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, तिथे दुखत कमी. सुई दर वेळी नवी, आणि एकाची दुसऱ्याला कधीच नाही. आणि तुमच्या खानापूरच्या पावसात सगळ्यात जास्त बिघडतात त्या शुगरच्या मशीनमध्ये घालायच्या पट्ट्या. त्यांची डबी उघडी राहिली की हवेतला ओलावा आत शिरतो आणि पट्टी खोटं बोलायला लागते. पट्टी काढली की झाकण लगेच लावा, डबी चुलीजवळ किंवा मोरीजवळ ठेवू नका, वरची तारीख बघा. गोष्ट एवढीशी, पण यावरून गोळ्या कमी-जास्त झालेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरी एक समजूत तुमच्या घरात घट्ट बसलेली दिसते: जितकं जास्त मोजू तितकं सुरक्षित. सासऱ्यांना बीपीची भीती वाटते, म्हणून मोजतात. आकडा चढा आला की भीती वाढते, भीतीने बीपी आणखी चढतं, म्हणून पुन्हा मोजतात. ते हट्टी आहेत असं समजू नका. ज्या दिवशी चक्कर येऊन पडले तो दिवस त्यांच्या अंगातून गेलेला नाही. मशीन काढून घेतलंत तर त्यांना आधार काढून घेतल्यासारखं वाटेल, म्हणून कुलूप नको. त्यांना वेळा बांधून द्या. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची. एरवी गोळी बसलेली असेल तर आठवड्यातून एक-दोन दिवस पुरे, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. आणि वही त्यांच्याच हातात द्या. ज्या माणसाने चाळीस वर्षं ताण्याचे हजारो धागे सांभाळले, तो दोन आकडे लिहू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते डॉक्टरांकडूनच करून घ्यायचं आहे. एक कागद. त्यावर तीन ओळी: अमुक आकड्यापर्यंत काही करायचं नाही, अमुकच्या वर दोन-तीन दिवस राहिलं तर फोन करायचा किंवा भेटायला यायचं, आणि अमुक झालं तर वेळ न दवडता निघायचं. तुमच्या सासऱ्यांचे आणि सासूबाईंचे आकडे त्यांच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टर ठरवतील, मी इथून ठरवणार नाही. पण तिसऱ्या ओळीबद्दल सर्वसाधारण सांगते. बीपी १८०/१२० च्या वर आलं तर आधी पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ही लक्षणं असताना आकडा चांगला आला तरीही निघायचंच. शुगर ७० च्या खाली आली किंवा सासूबाईंना घाम, थरथर, भ्रमल्यासारखं झालं, तर शुद्धीवर असताना तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, ९० किंवा खाली आलं तर दवाखाना गाठायचा. मात्र बोट गार असेल, नखाला रंग किंवा काळी मेंदी असेल, तर आधी बोट चोळून, बदलून बघा.

दवाखान्यात कुणी कन्नडमध्ये लिहून देतं, कुणी इंग्रजीत. लाजू नका, तिथेच वाचून घ्या, तुमच्या मराठीत, तुमच्या अक्षरात ते उतरवा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी डकवा. तुम्ही शाळेत असताना काही झालं तर शेजारच्या मुलालाही ते वाचता आलं पाहिजे.

या कागदाचा एक फोटो ग्रुपवर टाका आणि रोजचे आकडे टाकणं थांबवा. दिरांना सांगा की रविवारी सरासरी कळवली जाईल, दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीतलं काही झालं तर त्याच क्षणी कळेल. ते मशीन पाठवतात त्यामागे काळजी आहे याबद्दल मला शंका नाही. लांब राहणाऱ्या मुलाला पैशाने करता येण्यासारखं दुसरं काही सुचत नाही. पण मिठाची चौकशी त्यांनी वहिनीकडे करायची नाही. हे तुमच्या यजमानांनी भावाला सांगायला हवं, तुम्ही नाही. आणि गणपतीला येतील तेव्हा एकदा सासऱ्यांना दवाखान्यात त्यांनीच घेऊन जावं. एका खेपेत त्यांना सगळं समजेल.

ऑक्सिजनच्या मशीनला माझं स्पष्ट नाही. कोविडच्या लाटेत लोकांनी सिलिंडरसाठी जी धावाधाव केली ती आपण सगळ्यांनी बघितली आहे, म्हणून “असूदे घरात” हे शब्द मला कळतात. पण हे मशीन, म्हणजे कॉन्सेन्ट्रेटर, हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ९० ते ९६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतो, आणि एवढा ऑक्सिजन हे औषधच आहे; किती लिटरने, किती तास, हे लिहून द्यावं लागतं. काही जुनाट फुप्फुसाच्या रोग्यांना जास्त दिला तर अपायही होतो. शिवाय त्याला अखंड वीज लागते, आणि पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते ती कधी येईल याची खात्री नाही. डॉक्टरांनी रक्तातला ऑक्सिजन तपासून घरी लावायला सांगितलं, तरच तो घ्यायचा, तोही इन्व्हर्टर किंवा भरलेल्या सिलिंडरची सोय करून.

गादीचा व्यवहार मोडायची मात्र घाई करा. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळ्या वैद्यकीय उपकरणांना कायद्याने औषधांसारखं धरलं जातं. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत: जीभ दाबायची पट्टी कमी धोक्याच्या ए मध्ये, हृदयाची झडप डी मध्ये. ए (त्यातली निर्जंतुक न केलेली, मोजमाप न करणारी साधी उपकरणं सोडून) आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची अट लागू झाली. तुमच्या बीपी मशीनचं खोकं काढून बघा: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लॉट नंबर, बनवल्याची तारीख, कमाल किंमत, आणि परवान्याचा नंबर. नंबरात भारतात बनवलं असेल तर एमएफजी आणि बाहेरून आणलं असेल तर आयएमपी, पुढे एमडी अशी अक्षरं सापडतील.

आता हीच चौकशी गादीवाल्यांकडे करा. कोणत्या वर्गातलं उपकरण, परवान्याचा नंबर काय, लेखी काय दावा करता? मधुमेह, बीपी, लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, म्हणून असे लोक तोंडाने सगळं सांगतात आणि कागदावर काहीच लिहीत नाहीत. आणि ती कांडी हातात धरून एका मिनिटात हाडं, लिव्हर, किडनी, सगळ्याचा रिपोर्ट! ताई, किडनीचा अंदाज घ्यायला आम्हाला रक्त काढावं लागतं, लघवी तपासावी लागते, सोनोग्राफी करावी लागते. मुठीत कांडी धरून ते कळत असतं तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पहाटेपासून रांगा लागल्या नसत्या. तो रिपोर्ट खरा मानून सासऱ्यांनी बीपीची गोळी बंद केली नाही ना, हे आधी बघा. शिबिरांनंतर होणारं खरं नुकसान तिथे असतं, पाच हजारांत नाही. पावती असेल तर पैसे परत मागणारं पत्र द्या, उरलेले ऐंशी हजार देऊ नका, आणि दाद नाही मिळाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सासऱ्यांना फसलात म्हणून हिणवू नका. कुणीतरी शेजारी बसून अर्धा तास त्यांच्या दुखण्यांविषयी प्रेमाने बोललं, हे त्या शिबिरात त्यांना मिळालं होतं.

शिबिरातले लोक काय बोलले, हे सासऱ्यांना किती ऐकू आलं, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांतून गेलं की लूमचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. आतला माणूस रोज आठ-दहा तास त्यातच उभा असतो. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज असा वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या बारीक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. माझ्याकडे येणारे कितीतरी जुने विणकर बोलताना ओठांकडे बघायचे. घरात चार मशीन आली, पाचवं यायच्या वाटेवर आहे, पण सासऱ्यांना रोज उठल्यापासून झोपेपर्यंत जे उपकरण लागेल, त्याचं नाव कुणी काढलेलं नाही. डॉक्टरांचं नीट ऐकू येत नाही म्हणून भीती, भीतीमुळे पट्टा. पट्ट्यावरचा आकडा निदान वाचता तरी येतो.

म्हणून दिरांना सांगा, नव्या मशीनचे पैसे इकडे वळवा. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. कानात नुसता मळ असेल तर तो काढूनच बराच फरक पडतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे आवाजबंद खोलीत हेडफोन लावून कोणत्या स्वराचं किती ऐकू येतं त्याचा आलेख. त्या आलेखाप्रमाणे लावून दिलेलं श्रवणयंत्र घ्या. ऑनलाइन पाच-सातशेला मिळतात ती नुसती आवाज मोठा करणारी असतात. त्यांनी भांड्यांचा आवाजही तेवढाच मोठा होतो. उत्पन्न कमी असेल तर केंद्र सरकारच्या वयोश्री योजनेत साठ वर्षांवरच्यांना श्रवणयंत्र, काठी, चष्मा अशा वस्तू मोफत मिळतात, तालुक्यात तपासणी शिबिर कधी आहे ते पंचायतीत विचारून ठेवा.

यंत्र लावल्याच्या पहिल्या दिवशी सासरे ते काढून ठेवतील, हे आधीच गृहीत धरा. नळाचं पाणी, पंखा, स्वतःच्या चपला, सगळं एकदम अंगावर आल्यासारखं होतं. पहिला आठवडा घरातच, शांत वेळी, एक-दोन तास, एका माणसाशी बोलताना लावायचं. मग हळूहळू वेळ वाढवायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवून आवाज कमी-जास्त करून घ्यायचा. फोनवर पुण्याचं बोलणं नीट ऐकू यायला आणखी थोडे दिवस लागतील. तोवर दिरांनी व्हिडिओ कॉल करावा, उजेडाकडे तोंड करून, सावकाश बोलावं, आणि “बीपी किती आलं?” हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.